गोचीड ताप: कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट हाती आल्यावर काय विचारायचं

कुत्र्याला ताप आहे, खाणं सुटलंय, प्लेटलेट घसरल्यात आणि रॅपिड किटवर, म्हणजे दवाखान्यातच होणाऱ्या झटपट चाचणीवर, मात्र रेघ उमटलेली नाही. 'किट निगेटिव्ह, म्हणजे गोचीड ताप नाही' असं समजून घरी परतणं ही या आजारांतली फार महागात पडणारी घाई आहे. उलटंही घडतं. किटवर रेघ येते आणि गेल्या वर्षीच बऱ्या झालेल्या, हुंदडणाऱ्या कुत्र्याला पुन्हा महिनाभर गोळ्या सुरू होतात. दोष दोन्ही वेळा किटचा नसतो. किट नक्की काय शोधतं आणि रक्त आजाराच्या कितव्या दिवशी काढलं, हे दोन प्रश्न विचारायचे राहून गेलेले असतात.

या प्रश्नांवर शंभराहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे आणि त्यातलं बरंचसं कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही समजेल असं आहे. औषध कोणतं आणि किती, हे पशुवैद्यानेच ठरवायचं. पण नोंदी ठेवणारा आणि नेमकं विचारणारा माणूस कुत्र्याजवळ असेल, तर निदान लवकर होतं यावर माझा पक्का विश्वास आहे.

रक्तात कोण शिरलंय?

गोचीड ताप म्हणून आपण जो ओळखतो तो निदान चार वेगवेगळ्या जंतूंचा उद्योग आहे. प्रत्येकाचं रक्तातलं ठिकाण वेगळं आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते एर्लिकिया कॅनिसचं. हा जिवाणू पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइटमध्ये राहतो. १९३५ साली अल्जीरियात डोनाशियाँ आणि लेस्तोकार या फ्रेंच संशोधकांनी त्याची पहिली नोंद केली. पुढची तीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मग व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराचे कुत्रे, विशेषतः जर्मन शेफर्ड, घोळणा फुटून आणि तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटून मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर संशोधनाने वेग घेतला. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त तीव्र होतो हे पुढच्या प्रयोगांतही दिसून आलं. तुमच्याकडे या जातीचा कुत्रा असेल तर ताप आल्यावर वाट पाहू नका.

अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस हा जिवाणू थेट प्लेटलेटमध्ये घर करतो. त्याची पहिली नोंद १९७८ सालची, फ्लोरिडातली. या आजारात प्लेटलेट साधारण १० ते १४ दिवसांच्या अंतराने कोसळतात, सावरतात आणि पुन्हा कोसळतात. एकच तपासणी नेमकी सावरलेल्या दिवशी झाली तर रिपोर्ट नॉर्मल येतो.

बबेसिया हा एकपेशीय परजीवी लाल पेशींमध्ये वाढतो आणि त्या फोडतो. व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ साली रुमानियात गुरांच्या रक्तात तो पाहिला, म्हणून हे नाव. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीतून पसरतो हे सिद्ध केलं. कुत्र्यांतल्या बबेसियाचे मोठा आणि लहान असे दोन गट पडतात आणि हा भेद उपचारासाठी कळीचा आहे. मोठ्या गटात कॅनिस, वोगेली, रोस्साय. लहान गटातला गिब्सोनी भारतातूनच जगासमोर आला: पॅटन यांनी १९१० साली मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत तो नोंदवला.

चौथा हेपॅटोझून कॅनिस, हाही भारतातच १९०५ साली जेम्स यांनी पहिल्यांदा वर्णिलेला. हा गोचिडीच्या चाव्यातून येत नाही. कुत्रा अंग चावताना, चाटताना गोचीड गिळतो आणि परजीवी आतड्यातून शरीरात शिरतो. एकाच कुत्र्यात यांतले दोन-तीन जंतू एकदम सापडणं काही दुर्मिळ नाही. एक सापडला म्हणून शोध थांबवू नये, तो याच कारणाने.

पहिलं काम: गोचीड काढा, पण फेकू नका

बारीक टोकाचा चिमटा किंवा गोचीड काढायचा हूक घ्या. त्वचेला अगदी टेकून पकडा आणि सरळ, सावकाश, एकसारख्या जोराने ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काही नको. चिडवलेली गोचीड लाळ आणि पोटातलं द्रव्य जखमेत सोडण्याची शक्यता असते, शिवाय कातडी भाजते ती वेगळीच. बोटांनी चिरडू नका.

मग ती झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका आणि बाटलीवर तारीख आणि अंगावरची जागा लिहा. हा उपद्व्याप कशाला, असं वाटेल. पण गोचिडीची जात कळली की कोणता आजार संभवतो याचा अंदाज बांधता येतो. तपकिरी गोचीड, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, मुख्यतः एर्लिकिया, बबेसिया वोगेली आणि हेपॅटोझून पसरवते. युरोपातला बबेसिया कॅनिस वाहते ती डर्मासेंटर नावाची वेगळी गोचीड. तपकिरी गोचिडीतही उष्ण प्रदेशातला आणि समशीतोष्ण प्रदेशातला असे दोन वंश आहेत. एर्लिकिया वाहून नेण्याची क्षमता उष्ण प्रदेशातल्या वंशात ठळक दिसते, दुसऱ्यात ती जवळजवळ आढळली नाही.

शोधायच्या जागा: बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत आणि घड्यांत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी. अळी अवस्थेतली गोचीड तिळाहूनही लहान असते, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांच्या टोकांवर विश्वास ठेवा. आणि गोचीड दिसली नाही म्हणून आजार नाही असं मानू नका. रक्त पिऊन ती केव्हाच गळून पडलेली असते.

दुसरं: घरातली नोंद

चावा आणि लक्षणं यांच्यात बहुतेक वेळा एक ते तीन आठवडे जातात. एर्लिकियात हा काळ ८ ते २० दिवसांचा. म्हणून गोचीड सापडल्याच्या तारखेपासून महिनाभर रोज एक ओळ लिहा: खाणं, उत्साह, लघवीचा रंग, हिरड्यांचा रंग. कुत्रा मलूल वाटला तर गुदद्वारातून थर्मामीटरने ताप मोजा. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. नाक गरम लागतं किंवा कोरडं वाटतं, यावरून तापाचं काही कळत नाही.

पुढच्या गोष्टींसाठी उद्याची वाट पाहू नका: हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर किंवा हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके, काळी चिकट शी, गडद तपकिरी लघवी, उभं राहताना कोसळणं. गडद लघवी आणि पांढुरक्या हिरड्या एकत्र दिसल्या तर बबेसियाचा संशय आधी घ्यावा, कारण लाल पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन लघवीत उतरतं. डोळा लाल किंवा गढूळ होणं आणि सांधे दुखून लंगडणं ही एर्लिकियात दिसणारी, पण हमखास दुर्लक्षिली जाणारी लक्षणं.

माणसांची तापाची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि प्लेटलेट आधीच कमी असतील तर तो जिवावर बेततो. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको.

तिसरं: औषधाआधी रक्त

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. डॉक्सिसायक्लिनचे दोन-चार डोस पोटात गेले की रक्तातल्या जिवाणूंची संख्या झपाट्याने घटते आणि पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, खोटी निगेटिव्ह येऊ शकते. कुत्रा गंभीर असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणं योग्यच, पण पहिल्या डोसआधी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं जास्तीचं रक्त काढून थंड ठेवायला सांगा. लागलं तर तेच पुढे पाठवता येतं.

त्याच वेळी ताज्या रक्ताच्या दोन-तीन काचपट्ट्या करून मागा. बबेसियासाठी कानाच्या टोकाला टोचून घेतलेल्या थेंबाची पट्टी जास्त उपयोगाची, कारण परजीवी असलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत जास्त साठतात. एर्लिकियासाठी बफी कोट, म्हणजे रक्त फिरवल्यावर वर जमणारा पांढऱ्या पेशींचा थर, त्याची पट्टी बरी. प्लेटलेट खूपच कमी असतील तर रक्त मानेच्या शिरेऐवजी पायातून घेणं आणि नंतर बराच वेळ दाबून धरणं सुरक्षित.

चौथं: रिपोर्ट वाचणं

इथे जरा थांबूया, कारण गोंधळ सगळा इथेच होतो.

सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लोकांची नजर थेट प्लेटलेटच्या आकड्यावर जाते. निरोगी कुत्र्यात तो साधारण २ ते ५ लाख प्रति मायक्रोलिटर असतो. पण यंत्राला गुठळ्या मोजता येत नाहीत. रक्त काढताना वेळ लागला की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि आकडा खोटा पडतो. म्हणून विचारा: पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का, गुठळ्या होत्या का? शंभरपट तेलाच्या भिंगाखाली दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे अंदाजे १५ हजार, या हिशेबाने यंत्राचा आकडा पडताळता येतो. ग्रेहाउंडमध्ये प्लेटलेट मुळातच कमी असतात, आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये त्या कमी पण आकाराने मोठ्या असतात. अशा कुत्र्यांना आकड्यावरून आजारी ठरवू नये. प्लेटलेट घटण्याची इतरही कारणं आहेत हेही ध्यानात असू द्या.

लाल पेशींचं प्रमाण म्हणजे पीसीव्ही साधारण ३७ ते ५५ टक्के असतं. ते घसरत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगा, कारण बबेसियात एका आकड्यापेक्षा घसरणीचा वेग जास्त बोलका असतो.

काचपट्टीवर परजीवी दिसला तर प्रश्न मिटला. दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. एर्लिकियाचे मोरुला नावाचे पुंजके आजारी कुत्र्यांपैकी अगदी थोड्यांच्याच पट्टीवर सापडतात. हेपॅटोझूनचे लांबट गॅमोंट (परजीवीची रक्तात दिसणारी अवस्था) मात्र न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये ठसठशीत दिसतात.

आता रॅपिड किट. बहुतेक किट जंतू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. ती तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि एर्लिकियाचा ताप तर ८ ते २० दिवसांतच येतो. हा हिशेब मांडला की तापाच्या पहिल्या दिवसांत किट निगेटिव्ह का येतं ते आपोआप कळतं. संशय दाट असेल तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची पातळी मोजली आणि दुसऱ्या वेळी ती चौपट किंवा जास्त भरली, तर संसर्ग सध्याचा आहे असं धरतात. दुसऱ्या बाजूने, आजार बरा झाल्यावरही प्रतिपिंडं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. उपचार लागू पडले का हे पाहायला किट वापरणं म्हणूनच निरर्थक. आणि किटवर कोणकोणत्या जंतूंच्या रेघा आहेत ते वाचाच. एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, लाइम आजार आणि हार्टवर्म (हृदयातला जंत) तपासणाऱ्या प्रचलित किटमध्ये बबेसिया नसतो. बबेसियाने पिवळा पडलेला कुत्रा त्या किटवर खुशाल निगेटिव्ह येईल.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधतो. प्रतिपिंडं बनण्याआधीच तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, ही त्याची मोठी ताकद. पण एर्लिकियाचा दुसरा टप्पा लक्षणांशिवायचा असतो. तो महिने किंवा वर्षं चालतो आणि त्या काळात जंतू पाणथरीत लपून राहतो. रक्तातल्या नमुन्यात तो सापडेलच असं नाही. पीसीआर पॅनलबद्दल दोन गोष्टी विचारा: बबेसिया आहे का, आणि गिब्सोनी वेगळा ओळखला जातो का? 'बबेसिया पॉझिटिव्ह' एवढ्यावर औषध ठरवता येत नाही.

थोडक्यात, ताप ताजा असेल तर पट्टी आणि पीसीआर. कुत्रा बरेच दिवस खंगत असेल तर प्रतिपिंडं आणि पीसीआर दोन्ही.

पाचवं: उपचार, आणि कोणता कशासाठी

एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मासाठी डॉक्सिसायक्लिन. एर्लिकियासाठी पशुवैद्यकात रूढ झालेला प्रमाणित कालावधी २८ दिवसांचा आहे आणि नेहमीची मात्रा दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन भागांत. ताज्या आजारात एक-दोन दिवसांतच कुत्रा उठून बसतो, म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो आवरा. बरं दिसणं म्हणजे जंतू संपणं नव्हे, हे या आजाराच्या लपणाऱ्या टप्प्याने पुन्हा पुन्हा दाखवलंय. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर मात्र निदानाकडे परत जा. बहुधा बबेसिया सोबत आहे, किंवा आजारच वेगळा आहे.

गोळी कोरडी देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. थोड्या अन्नासोबत द्या, वरून पाणी पाजा. दूध किंवा कॅल्शियम त्याच वेळी नको, शोषण कमी होतं.

मोठ्या बबेसियासाठी इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं, मध्ये दोन आठवड्यांचं अंतर. ती देताना लाळ गळणं, उलट्या, अस्वस्थता होऊ शकते, म्हणून आधी अ‍ॅट्रोपिन देतात. हेच इमिडोकार्ब एर्लिकियावर सर्रास टोचलं जात असे, पण नियंत्रित प्रयोगांत ते एर्लिकिया संपवू शकलं नाही. हेपॅटोझूनवर ते चालतं, मात्र पट्टीवरून गॅमोंट नाहीसे होईपर्यंत दर १४ दिवसांनी द्यावं लागतं.

गिब्सोनी चिवट आहे. इमिडोकार्ब आणि डिमिनाझिन लक्षणं हटवतात, परजीवी हटत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १० दिवस एकत्र देण्याचा मार्ग दाखवला. अ‍ॅटोव्हाक्वोन स्निग्ध अन्नाबरोबरच द्यायचं, एरवी ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. सायटोक्रोम बी या जनुकात बदल झालेल्या गिब्सोनीवर त्याचा परिणाम होत नाही. तेव्हा क्लिंडामायसिन, डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल यांचा संयोग वापरला जातो. डिमिनाझिनची सुरक्षित आणि विषारी मात्रा एकमेकींच्या फार जवळ असते. वजन अंदाजाने धरून ते टोचू देऊ नका, आधी वजनकाट्यावर उभं करा.

रक्त चढवावं लागलं तर दात्याची तपासणी झाली आहे का, हे विचारायला संकोच नको. यांतले बहुतेक जंतू रक्तातून जाऊ शकतात.

सहावं: बरा झाला हे कशावरून?

एर्लिकियात प्लेटलेट बहुतेकदा दोनेक आठवड्यांत मूळ पदावर येतात. औषध संपल्यावर दोन आठवड्यांनी पीसीआर करा, आणि तो निगेटिव्ह असेल तरी साधारण दोन महिन्यांनी पुन्हा एकदा. गिब्सोनीसाठी औषध संपल्यावर ६० दिवस थांबून पहिला आणि ९० दिवसांच्या सुमारास दुसरा पीसीआर, दोन्ही निगेटिव्ह हवेत. कुत्रा एकदा बरा झाला म्हणून त्याला संरक्षण मिळत नाही. एर्लिकिया पुन्हा होऊ शकतो आणि त्यावर बाजारात लस नाही. बबेसिया कॅनिसवरच्या लसी युरोपात निघाल्या, पण त्या आजाराची तीव्रता कमी करतात, संसर्ग रोखत नाहीत.

एर्लिकियाच्या जुनाट टप्प्यात अस्थिमज्जाच थकते. तिथे औषध असूनही कुत्रा हाती लागेल याची खात्री देता येत नाही. लक्षणांशिवायच्या टप्प्यातच आजार पकडायचा, म्हणून वर्षातून एकदा सीबीसी आणि किट करून घ्या.

सातवं: घर आणि अंग

तपकिरी गोचीड अळी, मग निम्फ, मग प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत रक्त पिते, आणि प्रत्येक वेळी पिऊन झाल्यावर कुत्र्यावरून उतरून फटीत जाते. मादी तिथे काही हजार अंडी घालते. भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, गाद्यांच्या शिवणी, सतरंज्यांच्या खालची बाजू, कुत्रा झोपतो त्याच्या वरची भिंतसुद्धा: ती वर चढते. न खातापिता महिनोन्‌महिने टिकते. म्हणून एकदा औषध फवारून भागत नाही. फटी बुजवा, व्हॅक्यूम करा आणि पिशवी लगेच बाहेर टाका, अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि फवारणी ठरावीक अंतराने पुन्हा करा.

कुत्र्यासाठीच्या औषधांचे ढोबळ दोन मार्ग आहेत. फ्लुरालेनर, अ‍ॅफॉक्सोलेनर यांसारख्या गोळ्या गोचीड चावल्यावर तिला काही तासांत मारतात. परमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असलेले थेंब किंवा पट्टे तिला चावण्याआधीच दूर ठेवतात. प्रयोगांत असं दिसलं की चिकटलेली गोचीड तीन तासांतच एर्लिकिया सोडू शकते, तर बबेसिया कॅनिसला बहुधा दोनेक दिवस लागतात. एर्लिकियाचा वावर असलेल्या भागात म्हणून मी केवळ गोळीवर विसंबू नका असं सांगेन, दूर ठेवणारा पट्टा जोडीला हवा. गोळीमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिली आहे. फिटचा इतिहास असलेल्या कुत्र्यासाठी हे आधी डॉक्टरांना सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन लावलेला कुत्रा आणि मांजर एकत्र झोपू देऊ नका, ते मांजराला विषारी आहे.

कुत्र्यांना एका भागातून दुसऱ्या भागात नेतानाही हेच लागू पडतं. ऑस्ट्रेलिया एर्लिकियापासून मुक्त मानला जात असे. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या कुत्र्यांत तो सापडला आणि नंतर नॉर्दर्न टेरिटरीतही पसरला. प्रवासाच्या काही दिवस आधीच पट्टा चढवा, परतल्यावर पहिल्याच दिवशी अंग चाचपा आणि चार आठवडे नोंदवही चालू ठेवा. घरातला एक कुत्रा पॉझिटिव्ह आला तर बाकीच्यांचंही रक्त त्याच आठवड्यात तपासा, ते खेळत-खात असले तरी, कारण गोचिडी सगळ्यांच्या सारख्याच आहेत.